परत फिरणाऱ्या क्रिया आणि न फिरणाऱ्या क्रिया



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझ्या नावापुढे गणिताच्या इतिहासातला विषय पाहून पुष्कळांना तो छापखान्याचा दोष वाटला असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, टाळेबंदी आणि महागाई यांवर बोलावे अशी रीत आहे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलावर झाले. पण कराराची कलमे वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की आम्ही रोज ज्या प्रश्नाशी झटतो, त्याचा एक निर्मळ, पैशाअडक्याच्या पलीकडचा अवतार गणितात आहे, आणि त्याला दोनशे वर्षांचा रंजक इतिहास आहे. तो आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित कोणास येत नसेल तर त्याने घाबरू नये. लागेल तेवढे आपण येथेच उभे करू.

प्रथम प्रश्न काय ते पाहू. अंगरखा उलटा केला आणि पुन्हा उलटा केला, तर तो होता तसा सुलट होतो. दुधाचे दही लावले तर मात्र कितीही लावले तरी दुधाकडे परत वाट नाही. जगातल्या क्रियांच्या अशा दोन जाती आहेत, परत फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या. आता क्रियांचे आणखी एक वैशिष्ट्य पाहा. एक क्रिया करून तिच्यामागून दुसरी केली की त्या दोहोंची मिळून तिसरी क्रिया होते. थोड्याशा क्रिया घ्या, त्या हव्या त्या क्रमाने एकामागून एक करीत राहा. कधी नवनव्या क्रिया निघतच राहतात, त्यांना अंत नसतो. कधी मात्र चार-पाच क्रियांतच सगळा खेळ संपतो, काहीही केले तरी त्यांतलीच एखादी पुन्हा हाती येते. असा खेळ केव्हा संपतो आणि केव्हा संपत नाही, हा आजचा प्रश्न. आणि क्रिया कसल्या? तर संख्येवरच्या. एक संख्या आत घालावी, ठरलेल्या नियमाने दुसरी बाहेर यावी. अशा नियमाला गणितात फलन म्हणतात. 'क्ष घे, दहातून वजा कर' हे एक फलन. तीन घातले, सात आले. सात घातले, तीन आले. हे आपल्या अंगरख्याचे भावंड होय.

हा प्रश्न ज्याने हौसेने हाती घेतला तो माणूस आपल्यापैकी अनेकांना निराळ्या कारणाने ठाऊक असेल. चार्ल्स बॅबेज याचे नाव आज गणकयंत्राचा पूर्वज म्हणून घेतले जाते. त्याचा जन्म १७९१ साली लंडनला झाला. सावकारी पेढीवाल्या सुखवस्तू घरातला हा मुलगा १८१० साली केंब्रिजला शिकावयास गेला. तेथे त्याची निराशा झाली. न्यूटनच्या पुण्याईवर जगणाऱ्या त्या विद्यापीठात न्यूटनच्या पद्धतीची टिंबे गिरवणे चालू होते, आणि समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये गणित केव्हाच पुढे निघून गेले होते. १८१२ साली बॅबेज, जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या तरुणांनी मिळून एक मंडळ काढले. फ्रेंच पद्धत, फ्रेंच चिन्हे इंग्लंडात आणावयाची हा त्याचा हेतू. लोक त्यांना हसले. परंतु याच मंडळींनी १८१६ साली लाक्र्वा याच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकाचे भाषांतर प्रसिद्ध केले, आणि काही वर्षांत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही बदलल्या. संघटना छोटी असली तरी तिच्या हाती नेमके काम असले म्हणजे काय होते, त्याचा हा एक दाखला.

१८१५ साली बॅबेजने रॉयल सोसायटीपुढे फलनांवर एक निबंध मांडला, पुढल्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला. त्याचे वय तेव्हा तेवीस. त्या काळापर्यंत समीकरण म्हटले की अज्ञात असे ती संख्या. बॅबेजने अज्ञाताच्या जागी संख्या न ठेवता क्रियाच ठेवली. त्याने विचारले : अशी कोणती क्रिया आहे की जी दोनदा केली असता मूळ संख्या जशीच्या तशी परत मिळेल? दहातून वजा करणे हे एक उत्तर आपण पाहिले. दहाला त्या संख्येने भागणे हे दुसरे. पाच घाला, दोन येतात. दोन घाला, पाच येतात.

मग त्याने एक युक्ती सांगितली, ती ऐकण्यासारखी आहे. एक उत्तर हाती असले की त्यातून हवी तितकी उत्तरे काढता येतात. आधी संख्येचा वेष बदलावा, मग ठाऊक असलेली क्रिया करावी, आणि शेवटी वेष उतरवावा. उदाहरणार्थ, संख्येचा घन करा, तो नवातून वजा करा, आणि जे येईल त्याचे घनमूळ काढा. दोन घाला : घन आठ, नवातून गेले राहिला एक, त्याचे घनमूळ एक. आता एक घाला : घन एक, नवातून गेला राहिले आठ, घनमूळ दोन. दोनाचा एक, एकाचे दोन! वेष कोणताही चालेल, अट एवढीच की तो पुरता उतरवता आला पाहिजे. ही 'वेष, काम, वेष उतरवणे' अशी त्रिपदी आजही गणितात पदोपदी वापरली जाते.

बॅबेज दोनवर थांबला नाही. तीनदा केली की परत येणारी, चारदा केली की परत येणारी, अशाही क्रिया त्याला हव्या होत्या. तीनदा परत येणारीचा एक नमुना असा : संख्या एकातून वजा करा, आणि जे उरेल त्याने एकाला भागा. दोन घातले तर उणे एक येते. उणे एक घातले तर अर्धा येतो. अर्धा घातला तर पुन्हा दोन! तीन पावलांत घरी. किती साजरे आहे हे!

पण यात एक मेख आहे. याच क्रियेत एक ही संख्या घालून पाहा. एकातून एक गेला, शून्य उरले, आणि शून्याने भागावयाची वेळ आली. क्रिया तेथे मोडते. एकाच्या किंचित अलीकडे उत्तर आभाळाला भिडते, किंचित पलीकडे गेले की पाताळात जाते. दहाला भागण्याच्या क्रियेतही शून्यापाशी हेच होते. दहातून वजा करण्यात मात्र कोठेही मोडतोड नाही, आणि घन-घनमुळाच्या उदाहरणातही नाही. मग स्वाभाविक शंका अशी येते की कोठेही न तुटणारी, सगळ्या संख्यारेषेवर अखंड चालणारी, आणि तीनदा केली की परत आणणारी क्रिया आहे का?

बॅबेजच्या निबंधांत या शंकेला जागा नव्हती, कारण अखंडपणा म्हणजे नेमके काय हेच त्या वेळी कोणी रीतसर सांगितलेले नव्हते. ते काम दोनच वर्षांनी, १८१७ साली, प्राग शहरात बर्नार्ड बोल्झानो नावाच्या एका धर्मगुरूने केले. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा : आत जाणाऱ्या संख्येत अगदी बारीक फरक केला तर बाहेर येणाऱ्या संख्येतही बारीकच फरक पडला पाहिजे, उडी पडता कामा नये. अशा फलनाला आपण संतत म्हणतो. आणि संतत फलन दोन किमतींच्या मधली एकही किंमत चुकवून पुढे जाऊ शकत नाही, हे त्याने सिद्ध केले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत गेलेल्या माणसाने मधल्या प्रत्येक उंचीवर पाय ठेवलेलाच असतो, इतकी ही साधी गोष्ट. परंतु साध्या गोष्टीला पुरावा लागतो हे ओळखणे हेच मोठे काम होते. या बोल्झानोला १८१९ साली बादशहाच्या हुकुमाने प्राध्यापकाच्या जागेवरून काढण्यात आले. युद्ध आणि समाजातली विषमता यांविरुद्ध त्याने तरुणांना दिलेली प्रवचने सरकारला मानवली नव्हती. त्याचे गणित बराच काळ फारसे कोणी वाचले नाही. १८२१ साली पॅरिसमध्ये कोशीने संततपणाची व्याख्या आपल्या पाठ्यपुस्तकात घातली, तेव्हा ती सर्वत्र पसरली.

आता आपल्या शंकेचे उत्तर आपणच काढू. त्याला रेशनच्या रांगेपलीकडे काही लागत नाही.

समजा संख्यारेषा ही एक न संपणारी रांग आहे. आपली क्रिया प्रत्येकाला उचलून रांगेतल्या नव्या जागी नेते. काही वेळा केली की सगळे मूळ जागी परत येतात अशी ती असेल, तर पहिली गोष्ट उघड आहे : दोघांना एकाच जागी नेऊन चालणार नाही. एकदा दोघे एकाच जागी आले की पुढे ते कायम एकत्रच जाणार, त्यांना वेगळे कोण करणार? दुसरी गोष्ट बोल्झानोची. क्रिया संतत असून वाटेत कोठे चढून उतरली, तर टेकडी चढून उतरणाऱ्या माणसाप्रमाणे ती एकच उंची दोनदा गाठील, म्हणजे दोघांना एका जागी आणील. ते तर चालत नाही. म्हणून क्रियेला दोनच मार्ग उरतात. एक तर ती रांगेचा क्रम जसाच्या तसा ठेवील, नाही तर सबंध रांग उलटी फिरवील. अर्धी रांग सरळ आणि अर्धी उलटी, असे होणे नाही.

समजा क्रम तसाच राहतो, आणि एक जण तरी आपल्या जागेवरून पुढे सरकला. तो जेथे गेला तेथला मूळचा इसम त्याच्या पुढे होता. क्रम राखायचा म्हणजे पुढच्या फेरीतही तेच नाते राहणार, म्हणून आपला गडी आणखी पुढे जाईल. त्याच्या पुढल्या फेरीत आणखी पुढे. तो परत कधीच येणार नाही. मागे सरकला तर असाच मागे मागेच जाईल. तेव्हा सर्वांनी परत यायचे असेल तर कोणी हलताच कामा नये, म्हणजे क्रिया 'काहीच न करणे' हीच असली पाहिजे. आता रांग उलटी होते असे धरा. उलटीची उलटी सुलटी. म्हणजे ही क्रिया दोनदा केली की क्रम राखणारी क्रिया झाली, आणि तीही कधी तरी परत येणारी. आताच पाहिले की अशी क्रिया म्हणजे काहीच न करणे. म्हणून दोन वेळांतच सगळे घरी परत येतात.

झाला सिद्धांत. सरळ रेषेवरची संतत क्रिया परत येणारच असेल तर एका किंवा दोन पावलांत येते. तीन, पाच, सात यांची गोष्टच नको. शिवाय, परत फिरणाऱ्या अशा क्रियांची सांत टोळी, म्हणजे मोजता संपणारी टोळी, केली, तर तिच्यात फार तर दोन सभासद असू शकतात : स्वस्थ बसणारा आणि उलटवणारा. दोन निरनिराळे उलटवणारे घेतले तर त्यांचे जोडकाम क्रम राखणारे होते. टोळी सांत असल्यामुळे तेही कधी तरी परत यावे लागते, म्हणजे ते स्वस्थ बसणे ठरते, आणि ते दोघे एकच असल्याचे निघते. बॅबेजच्या निबंधानंतर शंभर वर्षांनी, १९१६ साली, जोसेफ रिट या अमेरिकन गणितज्ञाने बॅबेजच्या समीकरणाच्या वास्तव उत्तरांवर स्वतंत्र लेख लिहिला. इतका काळ हा प्रश्न जिवंत राहिला.

कोणी म्हणेल, घड्याळाचा काटा तर बारा पावलांत परत येतो! बरोबर आहे. पण घड्याळाची तबकडी गोल आहे. गोलावर कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, म्हणून तेथे बाराही चालतात आणि बाराशेही. सरळ रेषेवर मागे आणि पुढे ठरलेले असते. बंधन क्रियेचे नाही, जागेचे आहे.

आता पुन्हा बॅबेजकडे वळू. हा तरुण गणिती पुढे यंत्रांकडे वळला. १८२२ पासून तो आकड्यांची कोष्टके बिनचूक काढणारे यंत्र बांधण्याच्या मागे लागला, आणि त्यासाठी इंग्लंडातले कारखाने त्याने पायाखाली घातले. १८३२ साली त्याने यंत्रे आणि कारखानदारी यांच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिले. ते आम्हा कामगारांच्या इतिहासात गणिताइतकेच महत्त्वाचे आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीने उत्पादन कसे वाढते ते सांगितले होते. बॅबेजने त्यात एक मुद्दा घातला : काम तुकड्यांत वाटले म्हणजे मालकाला प्रत्येक तुकड्यापुरतेच कौशल्य विकत घेता येते. त्याने दिलेल्या टाचणीच्या हिशेबात कुणाला दिवसाला सहा शिलिंग पडत होते, तर मदतनीस पोराला साडेचार पेन्स. सगळे काम एकाच कसबी माणसाने केले तर तार पिळण्याच्या वेळचेही त्याला सहा शिलिंगच द्यावे लागतील. मार्क्सने १८६७ च्या आपल्या ग्रंथात बॅबेजचे दाखले घेतले ते उगीच नव्हे.

याच पुस्तकात बॅबेज बौद्धिक श्रमाची विभागणीही सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दशकात प्रोनी या इंजिनिअरला प्रचंड कोष्टके तयार करावयाची होती. त्याने माणसांचे तीन वर्ग केले. पहिल्यात पाच-सहा थोर गणिती, त्यांनी सूत्र निवडायचे. दुसऱ्यात सात-आठ जाणकार, त्यांनी सूत्रातले आकडे घालून द्यायचे. तिसऱ्यात साठ ते ऐंशी माणसे, त्यांनी नुसती बेरीज-वजाबाकी करायची. या तिसऱ्या वर्गातल्या बहुतेकांना त्यापलीकडे गणित येत नव्हते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांच्या हातून चुका कमी होत, असे बॅबेजने नमूद केले आहे. मग या तिसऱ्या वर्गाच्या जागी यंत्र बसवावे, हा त्याच्या यंत्राचा विचार.

आता आपण काढलेल्या सिद्धांताच्या भाषेत हे पाहा. दोघांना एकाच जागी आणणारी क्रिया परत फिरत नाही. कसबी कारागिराचे काम तुकडे करून वाटले, की सगळे तिसऱ्या वर्गात एका पायरीवर येतात. मागाहून पुन्हा तुकडे जोडले तरी कारागीर परत मिळत नाही, कारण कोण काय जाणत होता याची खूणच पुसली गेलेली असते. हे मी गणितातून सिद्ध झाले असे म्हणत नाही. समाज म्हणजे संख्यारेषा नव्हे. पण कोणत्या बदलाची वाट परतीची नाही हे आधी ओळखावे, एवढी दृष्टी त्यातून मिळते. बॅबेजला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की कामगारांना नफ्यात वाटा मिळावा अशी योजना याच पुस्तकात त्याने मांडली आहे. आणि त्याला स्वतःला कारागिराचे मोल चांगलेच कळले. त्याचे यंत्र घडवणारा जोसेफ क्लेमंट याचे त्याच्याशी १८३३ च्या सुमारास फाटले. कारागिराने घडवलेली हत्यारे कारागिराचीच, या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे क्लेमंटने ती आपल्याकडे ठेवली, आणि काम बंद पडले. सतरा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाल्यावर १८४२ साली सरकारने हात काढून घेतला. बॅबेज १८७१ साली वारला तेव्हा त्याचे एकही मोठे यंत्र पुरे झालेले नव्हते. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली यंत्र बांधले, आणि ते चालले.

इकडे गणितात काय झाले? परत फिरणाऱ्या क्रियांच्या टोळ्यांना गट असे नाव पडले. गाल्वा हा विसाव्या वर्षी, १८३२ साली, द्वंद्वात मेलेला तरुण त्यांचा आद्य शोधक. १८५४ साली केली याने त्यांची सर्वसाधारण व्याख्या करून पाहिली. गटांचा एवढा बोलबाला झाला की न फिरणाऱ्या क्रियांकडे पाऊण शतक कोणी फारसे पाहिले नाही. त्यांच्या टोळ्यांसाठी सेमीग्रुप, म्हणजे अर्धगट, हा शब्द १९०४ साली सेग्विए या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकात आला. आणि सांत अर्धगटांची खरी रचना १९२८ साली आंतोन सुश्केविच याने उलगडून दाखवली. तो पुढे खारकीव्हला प्राध्यापक होता, आणि १९३७ साली त्याने या विषयावर सबंध ग्रंथ लिहिला. त्याच्या सिद्धांताचे मर्म असे की प्रत्येक सांत अर्धगटाच्या पोटात एक गाभा असतो. गाभ्यातली एकही क्रिया एकदा हातून घडली की पुढे काहीही करा, एकूण क्रिया गाभ्यातलीच राहते. आत शिरायला वाट आहे, बाहेर यायला नाही. आणि हा गाभा एकाच नमुन्याच्या गटांचा बनलेला असतो.

हे आमच्या धंद्यातल्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १९६५ च्या बोनस कायद्याने बोनसला किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा घातल्या. कमाल वीस टक्के, आणि किमान आकडा पुढे ८.३३ टक्के झाला. आता 'किमान' ही एक क्रिया समजा : कमी असेल तर ८.३३ वर आणा, नसेल तर तसेच ठेवा. 'कमाल' ही दुसरी : जास्त असेल तर वीसवर आणा. दोन्ही संतत आहेत, कोठे उडी नाही. 'किमान' एकदा लावली काय आणि दहादा लावली काय, फरक नाही. दोन्ही लावल्या की पाचाचे ८.३३ होतात, बाराचे बाराच राहतात, पस्तिसाचे वीस होतात, आणि आधी कोणती लावली याने काही बिघडत नाही. किमान, कमाल आणि दोन्ही मिळून, अशा तीन क्रियांत खेळ संपला. हा तीन जणांचा अर्धगट.

परंतु मर्यादा एकमेकींना ओलांडून गेल्या तर? एका कारखान्यात असे घडले. जुन्या करारात एका भत्त्याला किमान दोनशे रुपयांची हमी होती. नंतर निघालेल्या परिपत्रकाने त्याच भत्त्याला कमाल शंभराची मर्यादा घातली, आणि कराराला धक्का लावलेला नाही असेही वर लिहिले. आता हिशेब करा. आधी कमाल, मग किमान लावली, तर प्रत्येकाला दोनशे. आधी किमान, मग कमाल लावली, तर प्रत्येकाला शंभर. मूळचा भत्ता पन्नास असो वा पाचशे, त्याची खूणही उरत नाही. किमान, कमाल, 'सर्वांस दोनशे' आणि 'सर्वांस शंभर' अशा चार क्रियांचा हा अर्धगट. शेवटच्या दोन हा त्याचा गाभा. त्यात एकदा शिरलात की बाहेर येणे नाही, फक्त शेवटचा हात कोणाचा यावर दोनशे की शंभर ते ठरते. टेबलावर आम्ही तीन दिवस जो वाद घातला तो सगळा या एका वाक्यात आहे. कराराचे आकडे सगळेच वाचतात. कलमांचा क्रम वाचणारे थोडे.

याच्या उलट, 'पाचशे कापून घ्या' ही क्रिया पाहा. एकदा, दोनदा, तीनदा करा, दर वेळी निराळीच क्रिया होते : पाचशे, हजार, दीड हजार. ती रांगेचा क्रम राखते आणि सर्वांना मागे सरकवते, म्हणून आपल्या सिद्धांताप्रमाणे ती कधी परत येत नाही आणि तिचा खेळही कधी संपत नाही. कपातीचा स्वभाव असाच असतो हे कामगाराला सांगावे लागत नाही.

मग सरळ रेषेवरच्या संतत क्रियांचा कोणताही सांत अर्धगट घेतला तर काय दिसते? एक क्रिया पुन्हा पुन्हा करीत चला. टोळी सांत आहे, म्हणून कधी तरी आधीचीच क्रिया पुन्हा येणार, आणि तेथून फेरा सुरू होणार. फेरा सुरू झाल्यावर उरलेली जागा ही रेषेचा एक अखंड तुकडा असते, हे बोल्झानोचेच देणे. त्या तुकड्यावर आपली क्रिया परत फिरणारी असते. मग रांगेचा युक्तिवाद तेथेही लागू पडतो, आणि फेरा एकाचा किंवा दोहोंचाच असतो. म्हणजे अशी प्रत्येक क्रिया शेवटी एक तर स्थिरावते, नाही तर दोन रूपांत आलटून पालटून येत राहते. तिसरा पर्याय नाही.

याची दुसरी बाजूही आहे. एखादी संतत क्रिया एकाच संख्येला का होईना, बरोबर तीन पावलांत घरी आणत असेल, तर ती कोणत्याही सांत अर्धगटात बसू शकत नाही. ती पुन्हा पुन्हा केली की अनंत निरनिराळ्या क्रिया निघतात. अशा क्रियेत किती गुंतागुंत दडली आहे ते कीव्हच्या ओलेक्सांद्र शार्कोव्हस्की याने १९६४ साली दाखवले. तीनचा एक फेरा असला की त्या क्रियेत दोनचा, चारचा, पाचचा, हजाराचा, हवा तेवढ्या पावलांचा फेरा कोठे ना कोठे सापडतोच! हा शोध पश्चिमेत बरीच वर्षे फारसा पोचला नाही. १९७५ साली ली आणि यॉर्क यांनी अमेरिकेत त्याचा एक भाग स्वतंत्रपणे सिद्ध केला, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. शार्कोव्हस्की २०२२ साली वारला. भाषेच्या आणि राजकारणाच्या भिंतींनी ज्ञान कसे अडते, याचे बोल्झानोनंतरचे हे दुसरे उदाहरण.

शेवटची कडी पुन्हा यंत्राशी येऊन मिळते. ठरावीकच स्थिती असलेले कोणतेही यंत्र घ्या. त्याची प्रत्येक कळ म्हणजे एक क्रिया, आणि सर्व कळांच्या जोडकामांचा होतो सांत अर्धगट. क्रोन आणि ऱ्होड्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धांताप्रमाणे असे कोणतेही यंत्र दोन जातींच्या सुट्या भागांच्या साखळीतून उभे करता येते. एक जात परत फिरणाऱ्या भागांची. दुसरी जात एका साध्या कळीची : 'हे ठेव', 'ते ठेव', 'आहे तसे राहू दे' एवढेच ती जाणते. मघाचे 'सर्वांस दोनशे' आणि 'सर्वांस शंभर' आठवा. ती हीच कळ. यंत्राची आठवण अशा न फिरणाऱ्या क्रियेतून येते. सगळ्याच क्रिया परत फिरणाऱ्या असत्या तर यंत्राला मागचे पुसून नवे लिहिता आले नसते.

म्हणजे तेविसाव्या वर्षी बॅबेजने क्रियांच्या जोडकामाचे जे गणित आरंभले, आणि उतारवयापर्यंत जे यंत्र बांधू पाहिले, ती दोन कामे एकाच घरातली निघाली. हे नाते त्याच्या हयातीत कोणी दाखवले नव्हते, त्याला आणखी शतक जावे लागले.

मी हा विषय निवडला त्याचे कारण आता सांगतो. प्रोनीच्या तिसऱ्या वर्गाला सूत्र कोणी दाखवले नाही, कारण दाखवायची गरज नव्हती. आजही हिशेबाचे यंत्र पगारपत्रक काढते, आणि ते कोणत्या क्रमाने काय लावते हे ज्याचा पगार आहे त्याला सांगितले जात नाही. ते सूत्र मागण्याचा हक्क आपला आहे. पण मागितल्यावर वाचता आले पाहिजे, आणि ते वाचता येते. आज आपण रेशनच्या रांगेवरून एक पक्का सिद्धांत सिद्ध केला. या सभागृहात बसलेल्या, पाटीवर फक्त बेरीज-वजाबाकी केलेल्या माणसालाही तो घरी जाऊन मुलांना सांगता येईल. पुढचा पगार हाती आला की पगारपत्रकावरच्या कपाती आणि भत्ते कोणत्या क्रमाने लावले आहेत ते पाहा. क्रम बदलून एकदा हिशेब करा. फरक आढळला तर तो कागद घेऊन खुशाल युनियनच्या कचेरीत या.